पट्टी तुमची, हात माझा

अण्णा, काल तुमचा दहावा झाला आणि आज सकाळी मी ड्यूटीवर हजर झाले. ॲम्ब्युलन्समध्ये चढल्या चढल्या पाना काढला, ऑक्सिजनच्या दोन्ही सिलिंडरांच्या चाव्या फिरवून फस्स आवाज ऐकला, काटा कुठवर जातो ते बघून रजिस्टरात लिहिलं आणि मगच सही केली. तुमच्या जागी आलेला पायलट पुढून म्हणाला, "म्याडम, काल संध्याकाळीच बघितलंय की." मी म्हणाले, "मग आज सकाळी परत बघितलं." तो गप्प झाला. तुम्ही त्याच्या जागी असता तर गप्प बसला नसतात. "आता काय त्या काट्याला ओवाळता का?" असं काहीतरी बोलला असतात, मी उलट बोलले असते आणि फाट्यावरच्या चहापर्यंत सगळं मिटलं असतं. तुम्ही या गाडीवरून उतरलात त्याला तीन वर्षं झाली, तरी मान वर केली की पुढच्या सीटवर तुमचंच टक्कल दिसेल असं मला अजून वाटतं.

पायलट हा शब्द तुम्हाला फार प्रिय होता. आपल्याकडे ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात आणि तुमच्या गावच्या, लिंबागणेशकडच्या मित्रांना त्यात भलतीच मजा वाटायची. सुट्टीला गावी गेलात की पारावरून हाक यायची, "अंकुशा, इमान कुठं उतरवलं बे?" आणि तुम्ही मिशीवर हात फिरवून म्हणायचात, "धारूरच्या घाटात." हे मला तुम्हीच दहादा सांगितलंय, दरवेळी नव्यानं हसत.

मी आयुर्वेदाची पदवी घेऊन गाडीवर आले तेव्हा माझी समजूत होती की डॉक्टर मी, तेव्हा गाडीत माझं चालणार. पहिल्याच आठवड्यात घाटात मोटरसायकलचा अपघात झाला. रस्त्यावर माणूस पडलेला आणि मी पिशवी हातात धरून नुसती उभी. तुम्ही मागून आलात आणि माझ्या कानाशी हळूच म्हणालात, "म्याडम, आदी श्वास बगा. रडायचं मंग बगू." मी श्वास बघितला. तो माणूस वाचला. संध्याकाळी तुम्ही गरम भजी आणलीत आणि म्हणालात, "आता रडा." तोवर रडू निघून गेलं होतं. त्या दिवसाबद्दल तुम्ही कुणाला काही सांगितलं नाहीत, हे मला फार नंतर कळलं.

आणि तुमची ती सवय. पेशंट मागे झोपलेला असला, की तुम्ही गाडी चालवता चालवता मोठ्यानं रस्ता सांगायचात. "आजी, पूल गेला बगा. आता मारुतीचं देऊळ आलं. आता तिसरं वळन, ऱ्हायली दोनच." मला सुरुवातीला राग यायचा, इकडे मी रक्तदाब ऐकतेय आणि यांची कॉमेंट्री. मग लक्षात आलं की छताकडे बघत पडलेल्या माणसाला आपण कुठे आहोत हे कळत नसतं, आणि तुमचा आवाज त्याला एकेक पाऊल दवाखान्याकडे नेत असतो. गेले दहा दिवस घरात काम करताना मी तुमचा तो घाट आठवून बघतेय. चौथ्या वळणाला तुम्ही काय म्हणायचात, तेवढं आठवत नाही. विचारायला फोन उचलला होता परवा. नंबर लावायच्या आधी लक्षात आलं.

आता पट्टीचं. हे तुम्हाला सांगायची काही गरज नाही, पण ते ओलांडून मला पुढे जाता येत नाही.

सिलिंडर भरलेलं आहे की रिकामं, हे रोज सकाळी चावी उघडून, काटा बघून ठरवायचं असा नियम. चावी उघडायचा पाना तुटला होता. नवा मागवला, एकदा, दोनदा, तीनदा. आला नाही. आपण पकडीनं चावी फिरवत राहिलो आणि तिच्या कडा झिजायला लागल्या. मग तुम्ही युक्ती काढलीत. भरलेलं सिलिंडर आलं की त्याच्या मानेवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावायचा आणि सिलिंडर वापरायला जोडलं की तो ओढून काढायचा. पट्टी आहे म्हणजे भरलेलं. इतकं सोपं वाटलं की मी रोज सकाळी दोन पट्ट्या बघून 'काटा पाहिला' या रकान्याखाली सही करायला लागले. काटा पाहिलेला नसायचा. वर्षभर काही बिघडलं नाही, आणि न बिघडल्यामुळे ती पट्टीच आपला नियम होऊन बसली.

बिघडलं त्याच्या आदल्या दिवशी दुपारी एकामागून एक दोन पेशंट झाले. एक सिलिंडर संपलं, मी धावत्या गाडीत दुसरं जोडलं. तुम्ही गाडी चालवत होता. पट्टी काढायची होती माझ्या हातानं. माझा एक हात पेशंटच्या तोंडावरच्या मास्कवर होता, दुसरा पकडीवर. पट्टी राहिली. तेही सिलिंडर जवळजवळ संपलं. संध्याकाळी तुम्ही पट्टी नसलेलं तेवढं बदलून भरलेलं आणलंत आणि त्यावर नवी पट्टी लावलीत. सकाळी मी बघितलं, दोन सिलिंडर, दोन पट्ट्या. सही.

उषाबाईंचा कॉल दुपारचा होता. घाटाखालच्या वस्तीवरच्या बाई, दम्याच्या जुन्या पेशंट, नुकत्याच ऊसतोडीवरून घरी आलेल्या. ओठ निळसर, मान ताणून श्वास घेत होत्या. त्यांचे मालक भीमराव त्यांचे पाय मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. तुम्ही नेहमीसारखं सुरू केलंत, "वैनी, पूल गेला बगा." दुसऱ्या वळणाला पहिलं सिलिंडर संपलं; सकाळच्या पेशंटांतच ते बरंच उतरलं होतं. मी दुसऱ्याची पट्टी ओढून काढली, पकडीनं चावी फिरवली. एक बारीकसा सुस्कारा आला आणि थांबला.

मी मधल्या खिडकीतून तुम्हाला म्हणाले, "अण्णा, हेही रिकामं आहे." तुमचा आवाज बंद झाला आणि गाडीचा वाढला. मी श्वास द्यायचा हाताचा फुगा मास्कला लावून दाबत राहिले. भीमरावांनी विचारलं, "म्याडम, हवा कावून येईना?" आणि मी म्हणाले, "येतेय, येतेय." फुग्यातून साधी हवा जात होती, एवढंच खरं होतं. त्यांनी विचारली ती हवा, सिलिंडरची, नव्हतीच. दवाखान्यात पोचल्यावर अर्ध्या तासात उषाबाई गेल्या. तिथले डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन असता तरी सांगता आलं नसतं. हे वाक्य मी कितीतरी दिवस जवळ बाळगलं, अण्णा. आता टाकून दिलंय. सांगता आलं नसतं हे खरं, पण आपण त्यांना तेवढाही वाव दिला नाही.

चौकशीत तुम्ही माझ्याआधी आत गेलात. बाहेर आलात आणि बाकावर माझ्या शेजारी बसत म्हणालात, "मी सांगितलं. आदल्या दिशी गाडी थांबवून सिलिंडर मीच बदललं, पट्टी माझ्याकडनं ऱ्हायली." मी उठायला लागले तर तुम्ही दटावलंत. "खाली बसा. तुमची पदवी जाईल. माझं काय जाणार हाय? आज ना उद्या उतरायचंच गाडीवरनं." मी म्हणाले, "अण्णा, हात माझा होता." तुम्ही म्हणालात, "अन् पट्टी कुणाची? ती युक्ती काढली नसती तर तुमी काटाच बगितला असता. चूक तिथनं सुरू झाली."

इथे मी तुमच्याशी भांडायला हवं होतं. एरवी चहात साखर जास्त पडली तरी मी भांडायचे. त्या दिवशी आत गेले आणि तुमच्या सांगण्याला होकार देऊन बाहेर आले. घरी मुलगी लहान, डॉक्टर म्हणून नाव नुकतंच लागलेलं, ही कारणं मी नंतर शोधली. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. तुमच्याविषयी किती माया वाटली त्या क्षणी, आणि त्या मायेचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

तुम्हाला गाडीवरून काढलं. एक माणूस सापडला आणि चौकशी संपली. पाना का आला नाही, मागणीचे कागद कुठे अडले, रोज न बघता सही कशी होत होती, हे कुणी विचारलं नाही. उषाबाई गेल्यानंतर आठव्या दिवशी नवा पाना आला. कागदात गुंडाळलेला, तेल लावलेला. तो मी आजही वापरते.

तुम्ही गावी जाऊन दुधाची गाडी चालवायला लागलात. मी महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायचे. तब्येत कशी, गुडघा कसा, काकू कशा आहेत. एकदा तुम्ही तडकलात. "म्याडम, तुमी फोन मला बरं वाटावं म्हनून करता का तुमाला?" मी फोन ठेवला आणि पुढे चार महिने केला नाही. दिवाळीला तुम्हीच केलात, जणू काही झालंच नव्हतं. "फराळाला या, काकूनं चकल्या बिगडवल्यात." मी येते म्हणाले. आले नाही. ते चकलीचं आमंत्रण तसंच पडून आहे, आणि माझं उत्तरही.

आणि मग त्या सकाळी तुम्ही अंगणात बसून चहा पिता पिता कप खाली ठेवलात आणि परत उचलला नाहीत. गाडी बोलवायलाही कुणाला वेळ मिळाला नाही.

चौथ्या दिवशी मी तुमच्या घरी आले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, दोन्ही सिलिंडर, दोन्ही पट्ट्या. त्यांना तुम्ही काहीच सांगितलं नव्हतं, अण्णा. तीन वर्षं एका घरात राहून. "लोकं म्हनायची, अंकुशच्या गाडीत बसू नगा," काकू म्हणाल्या, "दूधवाले हसायचे. हे खाली मान घालून भाकर खायाचे. मला वाटायचं, चूक झाली मानसाकडनं, सोसतोय." मी त्यांचे पाय धरायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले. "माझ्यापाशी बोलून काय व्हायचंय? बोलनारे गावात हायेत. गावात सांगा."

दुसऱ्याच दिवशी मी ऑफिसात लेखी अर्ज दिला. पट्टी माझ्याकडून राहिली, पायलटनं माझी चूक स्वतःवर घेतली आणि मी घेऊ दिली, रोजच्या सह्या काटा न बघता केल्या. साहेबांनी वाचला, चष्मा काढला. "फाईल बंद झालीय. माणूसही गेला. कशाला उकरता?" मी म्हणाले, "पोच द्या." पोच दिली. पुढे काय होईल ते होईल. पदवीचं काय व्हायचं ते बोलावतील तेव्हा कळेल.

सातव्या दिवशी मी घाटाखालच्या वस्तीवर गेले. एसटीतून उतरून चालत. भीमराव कडबा रचत होते. मला बघून त्यांनी हातातली पेंडी खाली ठेवली. ओळखलं होतं. मी उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसा कुणी म्हणालं नाही. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "तवा तुमी म्हनलात, येतेय."

मी म्हणाले, "हो. खोटं बोलले."

"मला कळलंतं. डायवर बोलायचा थांबला तवाच कळलंतं." मग त्यांनी दारापुढच्या लिंबाकडे हात केला. "ते येत व्हते हितं. तिच्या दरसालच्या तिथीला. तीन बारी आले."

अण्णा, हे मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"पहिल्या बारीला मी काठी घेऊन धावलो. हालले न्हाईत. लिंबाखाली बसले, म्हनले, माझी चूक झाली, तुमाला काय करायचं ते करा. मी घरात गेलो. घंटाभर बसून गेले. दुसऱ्या बारीला तसंच. औंदाबी आलते, उनाचे, तोंड सुकलेलं." भीमरावांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. "मी त्या मानसाला पानी इचारलं न्हाई, म्याडम. तीन सालं. दारात आलेल्या कुत्र्याला आमी पानी ठिवतो."

ज्या उन्हात तुम्ही बसलात ते माझ्या वाटणीचं होतं. मी तेव्हा पंख्याखाली होते. त्यांनी विचारलं, "दहावा कवा हाय त्येंचा?" मी दिवस सांगितला, नदीवरची जागा सांगितली. मग त्यांनी पेंडी उचलली. मलाही पाणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. फाट्यापर्यंत चालत आले तेव्हा घशाला कोरड पडली होती. तिथल्या हॉटेलात माठ होता, पण मला हात पुढे करवला नाही.

काल नदीकाठी तुमचा दहावा. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे विधी झाल्यावर माईक फिरला. एक पुढारी तुम्हाला 'अजातशत्रू' म्हणाले, दुसऱ्यांनी तुमचं नावच चुकवलं. तुम्ही असता तर मला कोपरानं ढोसून हसला असता. मग काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बायकांमधून माझ्याकडे बघितलं. मी उठले.

माईकवर मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. तुटक शब्द आठवतात. पट्टी, सिलिंडर, घाट. अण्णांच्या गाडीत बसू नका म्हणणाऱ्यांनी ऐकावं, त्या गाडीत चूक माझ्या हातानं झाली. मागे कुणीतरी म्हणालं, "मंग इतकी सालं कुठं हुत्या?" मी माईकवरच म्हणाले, "लपून बसले होते." काकू रडत होत्या, पण मान वर होती. तीन वर्षांत पहिल्यांदा, असं तुमची सून मला नंतर म्हणाली.

गर्दी उठायला लागली. गुरुजी पिशवीची नाडी बांधत होते. तेवढ्यात चपला हातात घेतलेला एक माणूस मधून वाट काढत पुढे आला. भीमराव. पहाटेच निघाले असणार, दोन गाड्या बदलून. गुरुजींना म्हणाले, "मला पानी द्यायचंय."

गुरुजींनी विचारलं, "तुम्ही कोण लागता त्यांचे?"

भीमरावांनी चपला काठावर ठेवल्या. मग म्हणाले, "माझ्या दारात आलते. द्यायचं ऱ्हाऊन गेलं."

गुरुजींनी नाडी सोडली, तीळ काढले. भीमराव गुडघाभर पाण्यात उतरले आणि ओंजळ भरली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा भरून बराच वेळ धरून ठेवली, बोटांतून पाणी गळत होतं तरी. मग सोडली. तीन तिथ्यांचं तीनदा, अण्णा. मी मोजलं.

काठावर आल्यावर ते माझ्यासमोर थांबले. गुडघ्यापर्यंत भिजलेलं धोतर निथळत होतं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुडच्या सालच्या तिथीला तुमी या." आणि चपला घालून निघून गेले.

पट्टी तुमची की हात माझा, हे आपलं भांडण अर्धवट राहिलं. आता ते मी जिंकले, आणि जिंकल्याचं ऐकायला तुम्ही नाही. मी जाणार आहे, अण्णा. लिंबाखाली तुमची जागा कुठली ते त्यांना विचारीन, तिथेच बसेन. पाणी मिळालं नाही तरी घंटाभर बसेन. जाताना घाटात डोळे मिटून तुमच्यासारखं म्हणत जाईन, पूल गेला, मारुतीचं देऊळ आलं, तिसरं वळण. चौथ्याला तुम्ही काय म्हणायचात ते तोवर आठवलं, तर उषाबाईंनाही सांगीन. त्यांना ते ऐकायचं राहून गेलं होतं.